‘फॉरमॅट मारू’ म्हणण्याआधी

प्रति,
कार्यालयांतले संगणक दुरुस्त करणारे सर्व तंत्रज्ञ बंधू-भगिनी,
महाराष्ट्र

विषय : ई-मेलचा प्रोग्राम दुरुस्त करताना पत्रव्यवहार शाबूत ठेवण्याबाबत

पत्रास कारण की, तुमच्या-आमच्या व्यवहारात एक गैरसमज वर्षानुवर्षे तसाच राहिला आहे आणि त्याची किंमत आमच्यासारखी लहान कार्यालये मोजत आहेत. मेल बंद पडले की आम्ही तुम्हाला बोलावतो. आउटलुक किंवा थंडरबर्ड पुन्हा उघडले, एखादा नवा मेल येऊन पडला, की तुमच्या लेखी काम संपते. आमच्या लेखी मात्र जुनी पत्रे जागच्या जागी सापडली, तरच दुरुस्ती झाली. एवढे एकदा दोन्ही बाजूंनी मान्य झाले, तर बाकीच्या तक्रारी आपोआप कमी होतील.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याच्या कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळते. चौकशी, कोटेशन, पर्चेस ऑर्डर, सुधारित ड्रॉइंग, रिजेक्शनची तक्रार, पैशांचा तगादा, सगळे आमच्याकडे मेलवर चालते. मेल ब्राउझरमध्येही उघडता येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी टेबलावरच्या संगणकातला प्रोग्राम आम्ही सोडत नाही. विक्री, खरेदी आणि हिशेब या तिन्ही पत्त्यांचे मेल तिथे एकत्र दिसतात, प्रत्येक पार्टीचे वेगळे फोल्डर असते आणि इंटरनेट गेले तरी मागच्या वर्षी दिलेला दर शोधून फोनवर सांगता येतो.

तुमच्या कष्टांची मला जाण आहे. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, तुटपुंज्या रकमेत प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळे तुमच्याच गळ्यात पडते. तुम्ही बॅग खाली ठेवण्याआधीच मालक विचारतात, “किती वेळ लागेल?” बिघाड शोधायला किती वेळ लागेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायला किती लागेल, हे मात्र सांगता येते. म्हणून तोच उपाय पुढे येतो. उणीव तुमच्या कौशल्यात आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्या दोघांच्या घाईने पाडलेल्या या सवयीबद्दल मी बोलते आहे, आणि प्रत्येक तक्रारीसोबत एक विनंतीही करते आहे.

पहिली तक्रार अशी की, पडद्यावरची सूचना वाचण्याआधीच उपाय सुरू होतो. सूचनेची खिडकी बंद केली जाते, खाते काढून पुन्हा टाकले जाते, त्यानेही जमले नाही तर प्रोग्रामच काढून पुन्हा बसवला जातो. खरे तर त्या खिडकीत निम्मे निदान लिहिलेले असते. सर्व्हरने दिलेला तीन अंकी आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ५ ने सुरू होत असेल तर तो नकार असतो आणि काहीतरी बदलल्याशिवाय मेल जाणार नाही. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य झालेला नाही. ५५० म्हणजे समोरचा पत्ता अस्तित्वात नाही किंवा तिकडच्या सर्व्हरने मेल घेण्यास नकार दिला आहे. ५५२ म्हणजे पेटी भरली आहे किंवा मेल मर्यादेपेक्षा मोठा आहे. यांपैकी एकाही कारणाला विंडोज नव्याने टाकणे हे उत्तर नाही.

म्हणून विनंती अशी की, सुरुवात दोन प्रश्नांनी करा. पहिला प्रश्न, तेच खाते ब्राउझरमध्ये उघडते का आणि तिथून मेल येतो-जातो का? तिथेही अडले असेल तर दोष बहुधा आमच्या संगणकात नाही. पासवर्ड, भरलेली पेटी, डोमेनचे राहिलेले नूतनीकरण किंवा सर्व्हर, यांतले काहीतरी बिघडले आहे. ब्राउझरमध्ये सगळे सुरळीत असेल, तरच प्रोग्रामकडे वळा. दुसरा प्रश्न, मेल येत नाही की जात नाही? येणारे मेल पॉप किंवा आयमॅप या पद्धतीने येतात आणि जाणारे एसएमटीपीने जातात. दोन्ही वाटा वेगळ्या, त्यांचे सर्व्हर आणि पोर्टही वेगळे. मेल येतो आहे पण जात नाही, अशी तक्रार असेल तर आधी बाहेर जाणाऱ्या सर्व्हरचे सेटिंग पाहा. तिथे अजूनही २५ क्रमांकाचे पोर्ट भरलेले आढळते. ते मुळात सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचे पोर्ट आहे आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या ते ग्राहकांसाठी बंद ठेवतात. प्रोग्राममधून मेल पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ वापरायचे आणि पाठवतानाही नाव-पासवर्ड लागतो ही खूण करायची, एवढ्यावर पुष्कळदा काम भागते.

दुसरी तक्रार सगळ्यांत गंभीर आहे. प्रत न घेता हात घातला जातो. आमच्या कार्यालयात एकदा असाच संगणक फॉरमॅट झाला. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स यांची प्रत घेतली होती, त्यामुळे आम्हीही निर्धास्त होतो. पण आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल तिथे नव्हती. ती जुन्या आवृत्तीपासून चालत आलेली, सी ड्राइव्हवरच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात होती. खाते पॉपचे होते आणि सर्व्हरवर काहीच शिल्लक नव्हते. काही महिन्यांनी एका ग्राहकाने सुट्या भागाच्या मापावरून माल परत केला. माप बदलायला त्यांनी दिलेली लेखी संमती त्या हरवलेल्या फाइलमध्ये होती. आमचे म्हणणे खरे असूनही आम्हाला ते सिद्ध करता आले नाही आणि माल नव्याने करून द्यावा लागला.

कुठल्या प्रोग्रामचे मेल कुठे साठतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आउटलुक २०१० पासून पॉप खात्याची नवी पीएसटी साधारणपणे डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरात बनते. आधीच्या आवृत्त्यांची ती ॲपडेटामध्ये असते आणि आउटलुक नवे बसवले तरी ती तिथेच राहते. थंडरबर्डचे सारे काही ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये, प्रोफाइल्सच्या फोल्डरात असते. विंडोज एक्सपीच्या काळातल्या आउटलुक एक्सप्रेसच्या डीबीएक्स फाइल्स जुन्या हार्ड डिस्कवर अजून सापडतात. विनंती एवढीच की, कुठलाही बदल करण्याआधी प्रोग्राम बंद करा, ही फाइल किंवा हा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि प्रत घेतली एवढे सांगून थांबू नका. ती दुसऱ्या संगणकावर उघडून, सर्वांत जुने पत्र आणि सर्वांत नवे पत्र आम्हाला दाखवा. न उघडलेल्या प्रतीवर आम्ही विसंबून राहू शकत नाही.

त्यातही फॉरमॅटची गरज फार थोड्या वेळा असते. आउटलुक उघडतानाच अडकत असेल तर कंट्रोलची कळ दाबून ठेवून ते सेफ मोडमध्ये उघडता येते. तिथे नीट चालले तर दोष एखाद्या ॲड-इनचा, मग पीडीएफचे, अँटिव्हायरसचे किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे जोड एकेक करून बंद करून पाहायचे. थंडरबर्डमध्येही हेल्पच्या मेनूत ट्रबलशूट मोड आहे. प्रोफाइल खराब झाले असेल तर कंट्रोल पॅनेलमधून आउटलुकचे नवे प्रोफाइल बनवता येते आणि जुने तसेच ठेवता येते. वीज अचानक जाऊन पीएसटी बिघडली असेल, आणि आपल्याकडे हे वरचेवर होते, तर मायक्रोसॉफ्टचेच स्कॅनपीएसटी हे साधन आउटलुकसोबत आलेले असते. तेही मूळ फाइलची वेगळी प्रत काढून ठेवल्यावरच चालवायचे. हे सगळे करून झाले आणि तरी यश आले नाही, तर फॉरमॅटला आमची ना नाही.

तिसरी गोष्ट, आमचे खाते पॉपचे आहे की आयमॅपचे, हे तुम्ही आम्हाला सांगतच नाही. खाते टाकताना जे पटकन जमेल ते निवडले जाते आणि परिणाम आम्ही भोगतो. आज वापरात असलेल्या पॉपच्या तिसऱ्या आवृत्तीचे मानक १९९६ सालचे आहे. सर्व्हरवर जागा थोडी आणि इंटरनेट डायल-अपचे, अशा दिवसांतली ती पद्धत. मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हर मोकळा करायचा. आताच्या आउटलुकमध्येही पॉप खाते टाकले की मेलची प्रत सर्व्हरवर १४ दिवसच राहील असे सेटिंग मुळातच असते. एकच पत्ता दोन टेबलांवर पॉपने टाकला आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढून टाकली, तर काही मेल एका संगणकात जातात, काही दुसऱ्यात, आणि एकाच ऑर्डरची अर्धी चर्चा विक्रीकडे, अर्धी हिशेबाकडे राहते. मग आम्ही एकमेकांवर मेल पुसल्याचा आरोप करत बसतो.

आयमॅपमध्ये सगळे सर्व्हरवर असते आणि प्रत्येक संगणकावर तेच दिसते. पण म्हणून तो बॅकअप नव्हे. एका टेबलावर फोल्डर पुसले गेले की ते सगळीकडून जाते. “आता आयमॅप केले आहे, काळजी नको” हे वाक्य कृपया अर्धवट सोडू नका. खाते कुठल्या पद्धतीचे आहे, प्रत सर्व्हरवर किती दिवस राहते, सर्व्हरवर एकूण जागा किती आणि वेगळी प्रत कुठे पडते, या चार गोष्टी कागदावर लिहून द्या.

चौथी तक्रार पासवर्डची आहे. पासवर्ड बरोबर असूनही प्रोग्राम तो पुन्हा पुन्हा मागतो तेव्हा आम्हाला “तुम्ही विसरला असाल” असे ऐकावे लागते. नियम बदलले आहेत, हे आम्हाला सांगितले जात नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममध्ये निव्वळ नाव आणि पासवर्ड चालवणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक मेलसाठी तेच १६ सप्टेंबर २०२४ पासून केले. आता प्रोग्राममधूनच ब्राउझरची खिडकी उघडून परवानगी द्यावी लागते. प्रोग्राम जुना असेल आणि खाते गूगलचे असेल, तर दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मालकांनी गूगलचा मूळ पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्ड रद्द होतो आणि मेल पुन्हा थांबतात. एवढी एक गोष्ट आधी कळली असती, तर आमच्यासारख्यांचे कितीतरी फोन वाचले असते.

यात तुम्हाला कळकळीने सांगायचे आहे ते हे की, काम लवकर उरकावे म्हणून सुरक्षा सैल करू नका. दुहेरी पडताळणी बंद करणे, सगळ्या खात्यांना सोपा एकच पासवर्ड देणे, तो आपल्या डायरीत किंवा व्हॉट्सॲपवर ठेवणे, हे आमच्या बँकेच्या आणि करखात्याच्या दाराची किल्ली उघड्यावर ठेवण्यासारखे आहे. ओटीपी मालकांच्या मोबाइलवर येतो आणि मालक शॉप फ्लोअरवर असतात, त्यात तुमचा वेळ जातो, हे खरे. त्यांना बोलावून आणण्याची जबाबदारी आमची. पासवर्ड टाइप करतेवेळी खुर्ची आम्हाला द्या.

पाचवी गोष्ट, प्रमाणपत्राची सूचना आली की “यस दाबत जा” असा सल्ला मिळतो. सर्व्हर खरा आहे की नाही हे प्रोग्राम त्या प्रमाणपत्रावरून तपासतो. रोज यस दाबायची सवय लागलेली व्यक्ती बनावट सर्व्हरलाही यस म्हणेल. या सूचनेची कारणे शोधायला सोपी आहेत. आधी संगणकाची तारीख पाहा. आमच्याकडे संध्याकाळी मुख्य स्विचच बंद होतो, जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, सकाळी तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, आणि त्या तारखेला आजचे कोणतेच प्रमाणपत्र वैध ठरत नाही. सेल बदलायचा, तारीख लावायची, काम झाले. तारीख बरोबर असेल तर सर्व्हरचे नाव पाहा. प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचे असते आणि सेटिंगमध्ये आमच्या डोमेनचे नाव भरलेले असते. तेही जुळत असेल तर अँटिव्हायरस मेल मध्येच उघडून तपासतो आहे का, ते पाहा.

यंत्रच फार जुने असेल तर तसे स्पष्ट सांगा. मेल सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या टीएलएसची १९९९ सालची १.० आणि २००६ सालची १.१ या आवृत्त्या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०२१ मध्ये बाद ठरवल्या आणि अनेक मेल सर्व्हरनी त्या घेणे थांबवले. विंडोज ७ वरच्या जुन्या आउटलुकला पुढची १.२ आवृत्ती आपोआप वापरता येत नाही, त्यासाठी वेगळे अपडेट आणि रजिस्ट्रीत बदल लागतो. शिवाय विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. अशा संगणकावर दर महिन्याला डागडुजी करण्यापेक्षा “हा आता मेलसाठी वापरू नका” असे लेखी द्या. मालक तोंडी सांगितलेले विसरतात, कागद मात्र खरेदीच्या बैठकीत पुढे ठेवता येतो.

सहावी तक्रार आकाराची. ड्रॉइंगची फाइल जोडली की मेल आउटबॉक्समध्ये अडकतो आणि त्याच्या मागचे सगळे मेलही खोळंबतात. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असेल, तर २० एमबीची फाइल का जात नाही, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांत बदलली जाते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. २० एमबीचे जवळजवळ २७ एमबी होतात. अडकलेला मेल काढायचा तर आधी आउटलुक ऑफलाइन करायचे, मग तो ड्राफ्ट्समध्ये हलवायचा, मग पुन्हा ऑनलाइन यायचे. हे एकदा शिकवले तर आम्ही स्वतः करू आणि तुमची एक फेरी वाचेल.

साठवणुकीच्या फाइललाही मर्यादा असते. आउटलुक २००२ पर्यंतची पीएसटी २ जीबीला पोचली की अडत असे. २००३ आणि २००७ मध्ये ती मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादेच्या कितीतरी आधी ती मंदावते. थंडरबर्डमध्ये पुसलेले मेलही कॉम्पॅक्ट करेपर्यंत फाइलमध्येच राहतात. तिथे इनबॉक्स कोरा दिसला तर पुष्कळदा फक्त सूची बिघडलेली असते, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून रिपेअर केले की मेल दिसू लागतात. नावापुढे एमएसएफ लावलेली सूचीची फाइल पुसली तरी ती पुन्हा बनते. त्याच नावाची, पुढे काहीही न लावलेली फाइल मात्र खरी मेलची फाइल असते. नवशिक्या मदतनिसाकडून तीच पुसली गेली तर अनर्थ होतो. हे तुमच्याकडे नव्याने लागलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी शिकवा. आणि चालू पीएसटी नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात ठेवू नका. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेतले असेल तर ती तिथून हलवून द्या, नाहीतर सिंक आणि आउटलुक यांच्या ओढाताणीत फाइल अडकते.

सातवी तक्रार मराठीची, आणि ती करताना मला मनापासून वाईट वाटते. मराठीत लिहिलेला मेल समोर प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचतो, अशी तक्रार केली की उत्तर मिळते, “मॅडम, इंग्लिशमध्ये पाठवा.” आम्ही ग्रामपंचायतीला, कामगार कार्यालयाला, गावाकडच्या पुरवठादारांना मराठीत लिहितो आणि मराठीतच लिहिणार. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. मेलमध्ये मराठी बिघडते ते सेटिंगमुळे. टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा गोंधळ दिसत असेल तर मजकूर सहसा शाबूत असतो, वाचणाऱ्याने एन्कोडिंग यूटीएफ-८ केले की तो उलगडतो. प्रश्नचिन्हे आली असतील तर बहुधा पाठवणाऱ्याच्या संगणकानेच पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये बसवताना अक्षरे टाकून दिलेली असतात आणि ती परत येत नाहीत. म्हणून पाठवण्याचे एन्कोडिंग यूटीएफ-८ करून देणे हे प्रत्येक खाते टाकताना करायचे काम आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे असतील तर आधी मूळ फाइल जपा, मग रूपांतर करा.

तसेच, आम्ही पाठवलेल्या पीडीएफऐवजी समोरच्याला विनमेल.डॅट नावाची न उघडणारी फाइल मिळते. आउटलुक रिच टेक्स्टमध्ये मेल पाठवते तेव्हा हे होते. मेलचे स्वरूप एचटीएमएल किंवा साधा मजकूर असे करून दिले की प्रश्न सुटतो. पण तोवर पार्टीला वाटते की आम्ही कोटेशनच पाठवले नाही.

आठवी गोष्ट, “जुने मेल उडवा, स्पीड वाढेल” हा सल्ला कृपया देऊ नका. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि त्यांना आधार देणारी व्हाउचरे किमान ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. त्या नोंदींचा आधार पुष्कळदा मेलमध्येच असतो. जीएसटीची नोटीस नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवणे ही कलम १६९ प्रमाणे रीतसर बजावणी आहे. ती स्पॅममध्ये पडली किंवा तुम्ही घाईत लावलेल्या नियमाने भलत्याच फोल्डरात गेली, तरी मुदत आमचीच सरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही द्यायचे असते. मेलचा छापील कागद किंवा कुणीतरी फॉरवर्ड केलेली प्रत यांत मूळ हेडर राहत नाहीत. वाद झाला तर मूळ मेलच लागतो. तेव्हा जागा हवी असेल तर जुन्या वर्षांची वेगळी पीएसटी करून द्या, तिच्या दोन प्रती घ्या, पण पुसू नका.

शेवटची तक्रार, जाताना तुम्ही काही लिहून ठेवत नाही. पुढच्या वेळी दुसरा तंत्रज्ञ येतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. काय बिघडले होते, काय बदलले, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व्हरची नावे आणि पोर्ट, मेलची फाइल कुठे आहे, प्रत कुठे आहे, कधी घेतली, एवढे एका वहीत तारखेसह लिहा आणि सही करा. ती वही आमच्या टेबलावर राहील.

मागणे एकतर्फी नसावे, म्हणून आमच्या बाजूचेही सांगते. सूचनेची खिडकी दिसताच आम्ही ती बंद न करता मोबाइलवर फोटो काढून ठेवू. तुम्ही येण्याआधी ब्राउझरमध्ये मेल उघडून पाहू आणि मेल येत नाही की जात नाही, हे फोनवरच सांगू. बॅकअपसाठी बाहेरची डिस्क आमच्या खर्चाने आणू, यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलू. आणि सर्वांत महत्त्वाचे, सुटा भाग न बदलता, विंडोज न टाकता, केवळ नीट पाहून बिघाड शोधलात तर त्या वेळाचे पूर्ण पैसे देऊ. “काही केलेच नाही, मग पैसे कसले?” असे तुम्हाला अनेक कार्यालयांत ऐकावे लागते. ते अन्यायाचे आहे. निदानाला दाम मिळाले नाहीत तर निदान करायला कुणाला परवडेल? कार्यालयांच्या मालकांनी हे वाचले तर त्यांनाही माझी हीच विनंती आहे.

एएमसीचे बरेच करार एप्रिलमध्ये नवे होतात. या वेळी करारात एक ओळ तुम्ही स्वतःहून घाला : ‘मेलच्या फाइलची प्रत घेऊन ती उघडून दाखवल्याशिवाय आणि कार्यालयाची सही घेतल्याशिवाय संगणक फॉरमॅट केला जाणार नाही.’ या ओळीसाठी कुठले नवे सॉफ्टवेअर लागत नाही, सरकारी आदेश लागत नाही. तुमचा करार पाहून दुसरी कार्यालयेही तीच मागतील, आणि तुमच्या धंद्यातल्या प्रामाणिक माणसाला त्याचा फायदाच होईल. आमच्या कार्यालयाने आपल्या करारात ती घालायचे ठरवले आहे.

आपण विचार कराल, ही खात्री आहे. अधिकउणे लिहिले गेले असल्यास राग नसावा.

आपली नम्र,
औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळणारी एक कर्मचारी